शिक्षकदिनाची बाई

शाळा मला सापडेना. ज्या वाटेनं सात वर्षं अनवाणी गेले, त्याच वाटेवर मी रिक्षात बसून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होते, आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

"मावशी, नक्की कुठं सोडू?"

"शाळेपाशी. समोर चिंचेचं झाड आहे."

"चिंच?" तो म्हणाला. "हितं बँक हाय, दवाखाना हाय, दोन जिम हायेत. चिंच नाय."

धायरीत चिंच नाही, हे त्यानं इतकं सहज सांगितलं की मलाच वाटलं, चिंच होती ती दुसऱ्या कुठल्या गावची असेल. भाच्यानं निरोप पाठवला होता, आत्या, आपल्या शाळेची जुनी कौलारू इमारत उन्हाळ्यात पाडणार आहेत, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलंय, तू ये. कर्वेनगरहून राजाराम पुलापर्यंत मी निर्धास्त होते. फाट्यावरून आत वळले आणि दिशाच कळेनात. शेवटी ढोलाचा आवाज आला. कवायतीचा ढोल, एक-दोन, एक-दोन. तो जिकडून येत होता तिकडे रिक्षा वळवायला सांगितली.

मागे दुमजली नवी शाळा आणि पुढे, तिच्या पायाशी बसल्यासारख्या, आमच्या तीन खोल्या. त्यांत आता मोडकी बाकं आणि फाटके नकाशे ठेवलेले होते. झेंडावंदनाला वेळ होता म्हणून मी मधल्या खोलीत शिरले. ही आमची सातवीची खोली. खाली शहाबादी फरशी होती. मला मात्र तळव्यांना सारवलेली जमीन लागेल असंच वाटत होतं.

दर शनिवारी आम्ही मुली ती जमीन सारवायचो. सकाळची शाळा, आधी कवायत, मग सारवण. ओल्या शेणाचा वास, त्यात कोणीतरी पोत्यात घालून आणलेल्या पालापाचोळ्याचा वास, आणि खिडकीतून येणारा शेजारच्या गुऱ्हाळाचा गोड, जरा करपट वास. हौसाचा हात फिरला की जमिनीवर सारख्या कमानी उमटायच्या. माझ्या कमानी एकमेकींवर चढायच्या. हौसा माझ्या शेजारी बसायची, एकाच पोत्यावर. तिचं घर मळ्यात, आमचं गावात. पाटी पुसायचं ओलं फडकं दोघींत एक होतं आणि ते कोणाचं, यावरून आम्ही कधी भांडलो नाही. बाकी सगळ्यावरून भांडलो.

लिमयेबाई शहरातून यायच्या, शनिवार पेठेतून. फाट्यावर बसमधून उतरून छत्री टेकत शेताच्या कडेनं चालत. त्यांचं बोलणं सुरुवातीला आम्हाला कळतच नसे. म्हणजे शब्द कळायचे, पण त्या रागावल्यात की लाड करतायत हे कळायचं नाही. उशिरा आलेल्याला त्या म्हणायच्या, "या, बसा आपण. चहा घेणार?"

हौसा एकदा खरंच म्हणाली, "नगं."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. दूध नासलंय." तेव्हाही आम्हाला कळलं नाही की हसायचं की नाही.

पण सण त्यांनीच आणले आमच्या शाळेत. भिंतीवर त्यांनी वर्षाचा तक्ता लावला होता. कोणत्या दिवशी काय करायचं, ते त्यावर टाकानं लिहिलेलं. नागपंचमीला फळ्यावर खडूचा पाच फण्यांचा नाग निघायचा. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी पिठाची खळ करून आम्ही पताका-झेंडे चिकटवायचो, आणि सकाळी प्रभातफेरीत भुरभुर आली की कागदाचा रंग सुटून तळहात केशरी-हिरवे व्हायचे. ते हात मी दिवसभर धुवायचे नाही. नवरात्रात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरायच्या. बाई त्याला भोंडला म्हणायच्या, आमच्या आया हादगा म्हणायच्या. हत्ती तोच. दसऱ्याच्या आधी पाटीपूजन. पाटीवर एकाचे आकडे जोडून जोडून सरस्वती काढायची, तिला झेंडू वाहायचा. शाळेभर झेंडूचा तुरट वास, उदबत्ती, फुटाणे आणि गूळ. माझी सरस्वती नेहमी जरा जाडी व्हायची. हौसाची बारीक, ताठ, थेट लिमयेबाईंसारखी. हे आम्ही दोघींनी पाहिलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या. हे नक्की. बाकी कोणत्या वर्षी काय झालं याचा घोळ होतो. एका पाटीपूजनाला वाऱ्यानं सगळे झेंडू उडाले, ते तिसरीत की पाचवीत, सांगता येणार नाही.

एकच दिवस माझ्या मनात पक्का होता. सातवीतला शिक्षकदिन.

तेव्हा तो दिवस आमच्या शाळेला नवा होता. बाई म्हणाल्या, त्या दिवशी मुलांनी शिक्षक व्हायचं, एक मुलगी बाई होईल, लुगडं नेसेल, वर्ग चालवेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःचं एक निळं पातळ आणलं. कडेला बारीक पांढरी रेघ. खळ घातलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. ते त्यांनी मला नेसवलं. कमरेला खोचताना पिन टोचली, आणि मी हूं की चूं केलं नाही, कारण बाईंना पिन टोचत नसेल असं मला वाटलं. चालताना पायाच्या नखात काठ अडकत होता.

घरी मी 'हाय' म्हणायचे आणि शाळेत 'आहे'. सहावीपासून कधीतरी घरीही तोंडातून 'आहे' निसटायला लागलं होतं. आबा भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "आल्या बघा बाई आमच्या." तर त्या दिवशी मी खरीच बाई होते. लिमयेबाई मागे खुर्चीवर बसल्या. मी एकेकाला उभं करून विचारलं, घरी कोण कोण आहे, पूर्ण वाक्यात सांग.

हौसा उठली. म्हणाली, "घरी आय हाय. आजा हाय. दोन भाव हायेत. म्हस हाय."

मी म्हणाले, "तुमची म्हैस तुझ्यापेक्षा शुद्ध बोलत असेल."

वर्ग हसला. मागे लिमयेबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्या हसल्या, आणि मला एवढा आनंद झाला की अंगातून काही सळसळत गेल्यासारखं वाटलं. मी पुढच्या मुलाकडे वळले. हौसाला 'बस' म्हणायचं विसरले. बाईंनी बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही हा नियम होता, म्हणून ती घंटा होईपर्यंत उभीच राहिली.

त्यानंतर ती माझ्या पोत्यावर बसली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतच आली नाही. सातवी संपल्यावर मला काकांनी शनिवार पेठेत नेलं. ते तिथल्या एका छापखान्यात होते, दोन खोल्यांत राहायचे. पुढे हायस्कूल, मग अध्यापन पदविका, मग कर्वेनगरातल्या शाळेत तीसेक वर्षं मास्तरकी. त्या सगळ्या वर्षांत मी एकाही मुलाचं 'हाय' सुधारलं नाही. वह्यांत चुका म्हणून लाल केलं नाही, तोंडी परीक्षेत मार्क कापले नाहीत. आमच्या मुख्याध्यापिकांनी एकदा मला बोलावून विचारलं, "आपण मराठीच शिकवता ना?" मी "हो" म्हणाले आणि तसंच चालू ठेवलं. दर पाच सप्टेंबरला मी रजा टाकायचे. शिक्षकखोलीत त्याचा अर्थ लोक आपापल्या परीनं लावत.

हौसाला भेटायला मात्र कधी गेले नाही. धायरी काही विलायत नव्हती. जत्रेला, लग्नाला मी येतच होते. एकदा जत्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी ती दिसली, कडेवर मूल. मी मागच्या मागे वळले आणि नारळाच्या गाडीआड उभी राहिले. शिक्षिका होते मी तेव्हा. मुलांना रोज सांगायचे, चूक झाली तर जाऊन कबूल करा.

झेंडावंदन झालं. मुलांनी कवायत केली, मुली एका गाण्यावर नाचल्या, त्यातल्या निम्म्या मुलींना त्या गाण्याची भाषा घरी ऐकू येत नसावी असं त्यांच्या ओठांवरून वाटलं. मग माईकवरून सांगितलं की जुन्या विद्यार्थ्यांनी चहा घ्यावा. मी चहा घेऊन पुन्हा मधल्या खोलीत आले. एका मोडक्या बाकावर कोणीतरी बसलं होतं. जाड काठाचं लुगडं, हातात भरपूर सोनं, गुडघे दाबत.

"वळखलं का?" ती म्हणाली.

मी ओळखलं. कपाळावरची ती बारीक खोक, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडली होती तेव्हाची. मी म्हणाले, "हौसा."

"ये बस. माज्या सुनंनं फोनात वाचलं तुजं नाव. तिला म्हनलं, गावची मैतरीन हाय, भेटून येते. मळा गेला आता, तितं दोन बिल्डिंगी हायेत. त्यातल्या एकीत ऱ्हातो आमी." तिनं सरकून जागा दिली. "तुला एक सांगायचं व्हतं. लई वर्सं झाली."

"मलाही," मी म्हणाले.

"माजं आदी ऐक. मग धीर न्हाई व्हायचा." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "सातवीत मी बाई झाले व्हते बघ. लिमयेबाईंचं निळं पातळ नेसून. तुला उभं केलं आन् म्हनलं, तुमची म्हस तुज्यापरीस शुद्ध बोलत आसंल. समदी हासली. तू रडली न्हाईस काय न्हाई. नुसती उभी. मी बस म्हनायला इसरले."

पहिल्यांदा मला वाटलं, ही मला चिमटा काढतेय. इतक्या वर्षांनी, पुणेरी बाईंकडून शिकलेला चिमटा. मग तिचे डोळे पाहिले.

"हौसा," मी म्हणाले, "ते मी म्हटलं होतं. तुला."

"मला? मला कशाला म्हनशील तू?"

"तू म्हणालीस, घरी आय हाय, आजा हाय, म्हस हाय. आणि मी म्हणाले—"

"आमच्याकडं म्हस कुटं व्हती?" ती म्हणाली. "आमच्याकडं दोन बैलं आन् शेरडं. म्हस तुमची. कानाजवळ पांढरी व्हती ती."

ते खरं होतं. आमची म्हैस कानाजवळ पांढरी होती. तिला मी रोज पेंड घालायचे. हौसाच्या मळ्यातली म्हैस मी आठवून बघितली, आणि मला गोठा आठवला, दावं आठवलं, पण दाव्याला काय बांधलेलं होतं ते दिसेना.

"पण पातळ मी नेसले होते," मी म्हणाले. माझा आवाज उगाच चढला. "पिन टोचली होती मला. इथं."

मी कमरेवर हात ठेवला. तिचाही हात तिथंच होता, तिच्या कमरेवर, डाव्या बाजूला.

"चालताना नखात काठ आडकायचा," ती म्हणाली.

बाहेर माईकमध्ये कोणीतरी फुंकर मारून बघत होतं. मी मास्तरीण, म्हणून एकेक करून तपासायला लागले. बाईंनी कसं निवडलं? मी म्हणाले, त्यांनी माझं नाव घेतलं. ती म्हणाली, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. लिमयेबाई कुठं बसल्या होत्या? मी म्हणाले, मागे, खुर्चीवर. ती म्हणाली, बाई वर्गात नव्हत्याच, त्या मास्तरांशी बोलत बाहेर उभ्या होत्या. घंटा कोणी दिली? ते दोघींनाही आठवेना. पातळ निळं होतं, यावर एकमत. वाक्यावर एकमत.

"दोघींनाबी नेसवलं आसंल," हौसा म्हणाली. "सकाळी एकीला, दुपारी एकीला."

"मग वाक्य कोणाचं?"

तिनं विचार केला. "बोलनं तर बाईंचंच वाटतंय."

ते खरं होतं, आणि इतकी वर्षं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या घरी कोणी असं बोलत नसे. आमच्या घरी रागावले तर शिव्या द्यायचे, नाहीतर जेवायला वाढायचे. असलं तिरकं वाक्य आमच्या तोंडात आपोआप येणार नव्हतं. कदाचित बाईंनीच कुठल्या दिवशी आमच्यापैकी एकीला ते म्हटलं असेल, आणि मग आम्ही दोघी त्या वाक्याशेजारी राहून राहून आपापली जागा विसरलो असू. विचारायला बाई आता नाहीत.

"मग तू शाळा का सोडलीस?" मी विचारलं. हाच प्रश्न मला खरा विचारायचा होता.

"तुज्या शेजारी बसवंना. आन् आयला बरं नव्हतं, घरचं कोन करनार. शाळा तशीबी सुटायचीच व्हती माजी." "मग तू गाव सोडून गेलीस. मला वाटलं, माज्यामुळंच गेली."

"मला काकांनी नेलं."

"काकांनी नेलं का तू म्हनलीस ने म्हनून?"

आबा ट्रंक बांधत होते, ते आठवतं. आई ओट्यावर पाठ करून बसली होती, ते आठवतं. मी काय म्हणाले होते ते आठवत नाही.

आणि मग मला भीती वाटली. तीस वर्षं मी मुलांना 'हाय' म्हणू दिलं ते मी कोणाला तरी उभं केलं होतं म्हणून, की मला कोणी उभं केलं होतं म्हणून? दोन्हीतून तेच निघतं का? रजा टाकून त्या पाच सप्टेंबरांना मी घरी बसून जे दुखवून घेत होते, ते माझंच होतं की हौसाचं? मी तिची माफी मागणार होते, आणि ती माझी मागायला आली होती. आता दोघींच्या हातात माफी होती आणि द्यायची कुणाला ते कळत नव्हतं.

हौसा माझ्याकडे बघत होती. मग ती हसली, आवाज न करता, खांदे हलवत. मलाही हसू आलं. मग मला रडू आलं, आणि मला नक्की सांगता येणार नाही की आधी काय आलं.

"चल जेवाय," ती म्हणाली. "सुनंला सांगून आलीय."

आम्ही निघालो. मागे वळून मी खोली बघितली, भिंतीवर कुठं तो सणांचा तक्ता लावल्याची खूण असेल म्हणून. भिंत पिवळी रंगवलेली होती. रस्त्यावर ट्रक, दुचाक्या, पाण्याचा टँकर. हौसाचे गुडघे आणि माझी धांदल, दोन्ही सांभाळत आम्ही पलीकडे गेलो.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून डोंगर दिसतो, पुष्कळ इमारतींच्या फटीतून. सुनेनं ताटं घेतली. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. तिची नात कॉलेजात जाते, ती समोर बसून फोनवर काहीतरी वर-खाली सरकवत होती. मध्येच तिनं विचारलं, "आजी, ह्या कोण?"

"माज्या शाळंतली," हौसा म्हणाली.

मुलीनं फोनवरून डोळे उचलले. "तू शाळेत होतीस?"

तिला खरंच माहीत नव्हतं. सून भाकरी भाजता भाजता थांबली, तिलाही नसावं. हौसा माझ्याकडे बघत राहिली, जणू मी नाही म्हटलं असतं तर तिनं तेही मानलं असतं.

"होती," मी म्हणाले. "मी होते ना तिथं."